वरची खोली रात्री दहालाही तापलेली? उपाय करण्याआधी घड्याळ बघा

तक्रार बहुतेक सगळ्यांची सारखीच असते. खालच्या मजल्यावर बरं वाटतं, पण जिना चढून वर गेलं की अंगावर वाफ आल्यासारखं होतं. पंखा पाचवर असला तरी गरम हवाच फिरते आणि मध्यरात्र उलटेपर्यंत डोळा लागत नाही. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात: गच्चीवर पाणी मारा, जाड पडदे लावा, नाहीतर सरळ एसी बसवा. यातला कुठलाच सल्ला खोटा नाही. पण उष्णता खिडकीतून येत असेल तर गच्चीवर ओतलेलं पाणी वाया जातं, आणि छतातून येत असेल तर पडदा कितीही जाड घेतला तरी फरक पडत नाही.

वरच्या खोलीत उष्णता तीन-चार वाटांनी शिरते आणि प्रत्येक वाटेची वेळ वेगळी असते. त्यामुळे खोली किती तापते यापेक्षा ती कधी तापते, हे आधी बघायला हवं.

त्यासाठी भिंतीवर टांगायचे दोन साधे थर्मामीटर पुरतात. एक खोलीत, झोपतो त्या उंचीला. दुसरा बाहेर, जिथे दिवसभर सावली असते आणि वारा लागतो अशा जागी. उन्हात टांगलेला थर्मामीटर हवेचं नाही, स्वतःच्या तापलेल्या काचेचं तापमान दाखवतो. सकाळी सातला, दहाला, दुपारी एकला, पाचला, रात्री नऊला आणि झोपताना आकडे कागदावर लिहायचे. दोन-तीन दिवस पुरतात. त्याच वेळांना भिंतींना आणि छताला हात लावून बघायचा. छताला हात लावायला स्टुलावर चढाल तेव्हा पंखा बंद करायला विसरू नका. हे सांगायची गरज नसावी, पण आहे.

आता आकडे वाचायचे. खोली सकाळी नऊ-दहालाच तापत असेल तर ऊन पूर्वेच्या खिडकीतून येतंय. दुपारी बारा-एकला असह्य होऊन संध्याकाळी लवकर सुसह्य होत असेल, तर वर पत्रा आहे किंवा छत फार पातळ आहे. चार ते सहा हा सगळ्यात वाईट वेळ असेल तर पश्चिमेची खिडकी किंवा भिंत. आणि बाहेर गार वाटायला लागल्यावर, रात्री आठ-नऊनंतर, खोली जास्तच त्रास देत असेल तर स्लॅब. शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो आणि त्याच्यावरच सगळ्यात जास्त चुकीचे उपाय होतात, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

रात्री तापणारी खोली: दोष स्लॅबचा

स्वच्छ आकाश असताना भर दुपारी आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॉट ऊन पडतं. दहा बाय बारा फुटांच्या खोलीचं छत सुमारे ११ चौरस मीटर असतं. म्हणजे ऐन दुपारी त्या एका खोलीच्या डोक्यावर ११ किलोवॉट पडत असतात. जुनी, काळवंडलेली गच्ची त्यातला बराच मोठा भाग शोषून घेते. काही उष्णता वाऱ्याबरोबर परत जाते, उरलेली काँक्रीटमध्ये मुरते.

काँक्रीट एका घनमीटरला सुमारे २४०० किलो भरतं. पाच इंची स्लॅब धरला तर या खोलीच्या वर सव्वातीन टनांहून जास्त वजन आहे. ते एका अंशाने तापायला किंवा निवायला सुमारे ०.८ युनिट विजेइतकी उष्णता लागते, दहा अंशांना ८ युनिट. इतका साठा वर असताना खाली एक पंखा किंवा ओला टॉवेल काय करणार, याचा अंदाज यावरून येतो.

शिवाय ही उष्णता खाली पोचायला वेळ घेते. पाच इंची स्लॅबमधून दुपारचा कळस खालच्या बाजूला यायला साधारण तीन-चार तास लागतात. वर जाड कोबा असेल तर आणखी जास्त. म्हणून गच्ची दुपारी दोनला सगळ्यात तापलेली असते आणि खोली मात्र संध्याकाळी किंवा रात्री जेवणानंतर. खिडकीबाहेर हवा गार झालेली, आणि छत आत्ता कुठे आपला दुपारचा हिशेब चुकता करत असतं.

इथे थर्मामीटरही थोडी फसवणूक करतो. खोलीतली हवा ३१ अंश दाखवते, मग इतकं का उकडतंय, असा प्रश्न पडतो. कारण तापलेलं छत हवेला न विचारता थेट अंगावर उष्णता फेकतं. पलंगावर उताणं झोपून चेहरा आणि छत यांच्या मध्ये मोठा पुठ्ठा धरा. छत चांगलंच तापलेलं असेल तर चेहऱ्यावरची धग लगेच कमी झालेली जाणवते. ती जाणवली की निदान पक्कं समजा.

उपायांचा क्रमही यातूनच ठरतो. स्लॅबमध्ये मुरलेली उष्णता काढत बसण्यापेक्षा ती मुरूच न देणं कितीतरी स्वस्त पडतं. पहिला उपाय पांढरा रंग. स्वच्छ, नवा पांढरा थर उन्हाचा ७० ते ८० टक्के भाग परत पाठवतो. चुना सगळ्यात स्वस्त, पण पावसात धुऊन जातो आणि दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारावा लागतो. छतासाठी मिळणारे अॅक्रिलिक पांढरे लेप काही वर्षं टिकतात. दोन्हींचा शत्रू धूळ. लेप देण्याआधी गच्ची घासून, धुऊन पूर्ण सुकवली नाही तर पापुद्रे सुटतात. चकचकीत चंदेरी रंगाच्या मोहात पडू नका. तो ऊन परतवतो हे खरं, पण स्वतः तापल्यावर ती उष्णता आकाशाकडे सोडायला फार मंद असतो, त्यामुळे पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो.

खर्च करण्याआधी खात्री हवी असेल तर गच्चीचा दोन-तीन फुटांचा चौकोन धुऊन पांढरा रंगवा. दुपारी दोनला एक हात त्यावर आणि दुसरा शेजारच्या काळ्या भागावर ठेवा. दुसरा हात तुम्हीच उचलाल.

दुसरा उपाय सावली. शेडनेट किंवा कापड गच्चीला चिकटवून अंथरू नका, दोन-तीन फूट तरी वर ताणा, म्हणजे खालून वारा खेळतो आणि जाळीने शोषलेली उष्णता तिथेच वाहून जाते. स्टँडवर उंच बसवलेली सौर पॅनेलं हेच काम आयतं करतात. कुंड्या आणि वाफे सावली देतात, ओलाव्यामुळे थंडावाही देतात, पण एक फूट खोल ओल्या मातीचा भार दर चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या घरात जातो. स्लॅब तेवढ्यासाठी बांधलेला आहे का, हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय गच्चीभर वाफे करू नयेत. कुंड्यांखाली स्टँड हवेत. नाहीतर उन्हाळा सुसह्य होईल आणि पावसाळ्यात छत गळेल.

पाणी हा उपाय खरा आहे, फक्त मारण्याची पद्धत चुकते. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं. वरचा आकडा आठवा: स्लॅब दहा अंशांनी निवायला ८ युनिट. म्हणजे कागदावर बारा लिटर पाणी पुरतं, एक बादली! प्रत्यक्षात पाणी काही उष्णता हवेतूनही घेतं, त्यामुळे जास्त लागतं. पण खरी गोम वेगळी आहे. काम वाफ होणाऱ्या पाण्याचं असतं, वाहून जाणाऱ्या पाण्याचं जवळजवळ नाही. पाइप लावून शंभर लिटर ओतले आणि पन्हाळीतून गेले, तर उपयोग नावापुरता. ऊन उतरल्यावर पातळ शिंपण करा, सुकू द्या, पुन्हा शिंपा. गच्चीवर गोणपाटं अंथरून ती ओली ठेवली तर पाणी धरून राहतं आणि कष्टही वाचतात. हवा दमट असेल तर वाफ फारशी होत नाही, त्या दिवशी पाणी वाचवा. आणि गच्चीला भेगा असतील तर आधी त्या बुजवा, मगच पाणी.

तिसरा उपाय उष्णतारोधक थर, म्हणजेच इन्सुलेशन. उष्णता अडवण्यात एक इंच थर्माकोल जवळजवळ मीटरभर जाड काँक्रीटची बरोबरी करतो. त्यामुळे स्लॅबची जाडी वाढवून किंवा आणखी एक कोबा टाकून गारवा मिळेल या कल्पनेत अर्थ नाही. त्याने उष्णता आणखी उशिरा, ऐन झोपेच्या वेळी पोचते, एवढंच. थर स्लॅबच्या वर घातला तर सगळ्यात चांगलं, कारण मग स्लॅबच तापत नाही. त्यासाठी दाब सोसणारे, पाणी न पिणारे फोमचे बोर्ड येतात. त्यांच्यावर लादी किंवा कोबा करावा लागतो, म्हणजे काम मोठं. आतून फॉल्स सीलिंग करून त्यावर थर घालणं सोपं असतं, पण दोन गोष्टी सांभाळा. उघडा थर्माकोल पटकन पेट घेतो, तो जिप्सम बोर्डाच्या मागे बंद असला पाहिजे आणि त्याच्याजवळून उघड्या वायरी जाता कामा नयेत. दुसरं, चकाकणारी फॉइल वापरत असाल तर तिच्या चकाकत्या बाजूसमोर हवेची पोकळी हवी. दोन बोर्डांच्या मध्ये दाबून बसवलेली फॉइल काहीच करत नाही.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर माझं मत पांढऱ्या रंगाला. इन्सुलेशन त्याहून जास्त करतं, पण खर्चाच्या मानाने रंगाची बरोबरी क्वचितच होते.

वर पत्रा असेल तर

पत्र्यात साठा नसतो. ऊन आलं की काही मिनिटांत तापतो, सूर्य गेला की तितक्याच लवकर निवतो. त्यामुळे रात्रीची चिंता कमी, दुपारची भयंकर. वरून पांढरा रंग, खाली हवेची पोकळी सोडून सीलिंग, आणि त्या पोकळीतली हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना जाळी. पोकळी बंदिस्त ठेवली तर तीच भट्टी होते. पत्र्यावर पाणी मारल्याचा परिणाम पाणी सुकेपर्यंतच.

चार ते सहाचा त्रास: पश्चिम

दक्षिणेच्या खिडकीवरचा सज्जा उंच आलेलं ऊन अडवतो. पश्चिमेला तो निरुपयोगी, कारण दुपारनंतर सूर्य खाली येतो आणि ऊन सज्ज्याखालून सरळ आत. चार बाय चार फुटांच्या साध्या काचेतून अशा वेळी पाऊण किलोवॉटच्या आसपास उष्णता आत येऊ शकते. खोलीत हीटर लावून ठेवल्यासारखंच झालं.

पडदा आतून लावायची सवय इथे नडते. ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला, आणि ती उष्णता आता खोलीतच आहे. काच तिला तशी परत जाऊ देत नाही. अडवणं काचेच्या बाहेर व्हायला हवं: बांबूची चिक, शेडनेट, बाहेरून उघडणारी झडप, काहीही. भाड्याच्या घरात बाहेर खिळा मारता येत नसेल तर ग्रिलला बांधलेली चटईसुद्धा महागड्या पडद्यापेक्षा जास्त काम करते. आतूनच लावायचा असेल तर काचेकडची बाजू पांढरी असलेला पडदा घ्या. गडद फिल्म लावली की उजेड कमी होतो, पण काच स्वतः तापते, आणि काही प्रकारच्या काचा त्या ताणाने तडकतात.

भिंत तापत असेल तर तिलाही बाहेरून फिकट रंग किंवा वेलाची सावली. कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावून ठेवणं हा बिनखर्ची उपाय आहे, थोडाफार उपयोग होतोच.

खिडक्या उघड्या की बंद?

यावर घरोघरी वाद होतात आणि थर्मामीटर ते मिटवतो. बाहेर आतल्यापेक्षा गार असेल तर सगळं उघडा. गरम असेल तर बंद करा आणि सावली करा. म्हणजे सकाळी उन्हं वर येताच बंद, संध्याकाळी आकडे उलटले की सताड उघडं. बहुतेक घरांत नेमकं उलट होतं. दिवसभर हवेसाठी खिडक्या उघड्या आणि रात्री डासांसाठी बंद. जाळी बसवणं हा म्हणूनच गारव्याचाही उपाय आहे. मात्र धुळीने भरलेली जाळी वारा अडवते, ती धुवत राहा.

रात्री नुसती एक खिडकी उघडून हवा खेळत नाही. आत यायला एक वाट, बाहेर जायला दुसरी, आणि जमलं तर बाहेर जायची उंचावर. एकच खिडकी असेल तर दार उघडून टेबल फॅन खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून लावा. तो तापलेली हवा बाहेर ढकलतो आणि दाराकडून दुसरी हवा ओढली जाते. विचित्र दिसतं, पण चालतं. एक्झॉस्ट फॅन लावून सगळी दारं-खिडक्या बंद ठेवणारेही असतात. त्यांचा पंखा नुसता आवाज करतो.

जिना विसरू नका. गरम हवा वर चढते आणि खालच्या सगळ्या मजल्यांची उष्णता जिन्याच्या विहिरीतून वर येऊन तुमच्या दारात थांबते. जिन्याच्या डोक्यावरची खिडकी किंवा गच्चीचं दार रात्री उघडं ठेवता आलं तर ती तिथूनच निघून जाते. दिवसा खोलीचं दार बंद ठेवलेलं बरं.

उष्णतेच्या लाटेत तिसरा दिवस पहिल्यापेक्षा वाईट वाटतो तो याचमुळे. रात्री भिंती आणि स्लॅब पुरते निवले नाहीत, तर दुसऱ्या दिवसाचं ऊन आधीच्या उरलेल्या उष्णतेवर चढतं.

पंखा, कूलर, बर्फ

पंखा खोली गार करत नाही, माणसाला गार करतो. रिकाम्या खोलीत तो चालू ठेवला तर मोटरची उष्णता तेवढी भर पडते. वर छत तापलेलं असताना सीलिंग फॅन छताजवळचा गरम थर खाली आणून अंगावर सोडतो. अशा वेळी बाजूने वारा देणारा स्टँड फॅन सरस. आणि एक मर्यादा: हवेचं तापमान ४० अंशांच्या वर असेल तर पंखा शरीर गार करण्याऐवजी तापवू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला त्याखालीच पंखा वापरण्याचा आहे. अशा दुपारी म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना वरच्या खोलीत ठेवूच नये. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात असू शकतो. अंग ओलं करून वारा घालत ताबडतोब दवाखाना गाठायचा.

कूलरचं गणित हवेच्या ओलाव्यावर ठरतं. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर पाणी हवेला जास्तीत जास्त २२-२३ अंशांपर्यंत नेऊ शकतं. प्रत्यक्ष कूलर तिथवर पोचत नाही, पण फरक मोठा पडतो. ३३ अंश आणि ७० टक्क्यांना ही मर्यादाच २८ च्या वर असते, वर दमटपणा वाढतो तो वेगळाच. कूलर "चालत नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच घरांत खिडक्या बंद असतात. कूलरला मागून बाहेरची हवा आणि समोरून ओली हवा निघून जायला वाट लागते.

पंख्यासमोर बर्फाचं भांडं ठेवायची युक्ती दर उन्हाळ्यात फिरते. एक किलो बर्फ वितळताना ०.१ युनिटपेक्षाही कमी उष्णता घेतो. स्लॅबच्या ८ युनिटांपुढे ते किती, हिशेब तुमचा तुम्ही करा. शिवाय तो बर्फ तुमच्याच फ्रिजने केलेला, त्याची उष्णता फ्रिजच्या मागून घरातच आलेली.

एसी असूनही गार होत नाही

एक टनाचा एसी ताशी सुमारे साडेतीन युनिट उष्णता खोलीबाहेर काढतो. फक्त स्लॅब दहा अंशांनी निवायला त्याला दोन तासांहून जास्त हवेत, तेही बाकी कुठून काही येत नाही असं धरून. त्यामुळे मधल्या मजल्यावर पुरणारा एसी वर अपुरा पडतो आणि मेकॅनिक गॅस भरून जातो, ज्याची गरज बहुधा नसते. आधी फिल्टर धुवा. मग बाहेरचं युनिट बघा. ते तापलेल्या गच्चीवर, तीन बाजूंनी बंद कोपऱ्यात असेल तर आपलीच गरम हवा पुन्हा ओढत असतं. त्याला सावली द्या, पण झाकू नका. वर आणि समोर मोकळी जागा हवी. रिमोटवर १६ लावल्याने खोली लवकर गार होत नाही, एसी थांबत नाही इतकंच. २५-२६ आणि सोबत हळू पंखा पुरेसा होतो, छत आटोक्यात असेल तर. नवा एसी घ्यायचा असेल तर गच्ची आधी रंगवा आणि मग किती टनाचा लागतो ते ठरवा.

गेल्या वर्षी केलं होतं, यंदा पुन्हा तेच

बहुतेक वेळा रंग गेलेला नसतो, मळलेला असतो. उन्हाळा सुरू होण्याआधी गच्ची ब्रशने घासून धुतली की बरंच काही परत मिळतं. तरीही नसेल तर काय बदललं ते शोधा: सावली देणारं झाड तोडलं गेलं का, समोर वारा अडवणारी इमारत उभी राहिली का, तिच्या काचांवरून दुपारचं ऊन तुमच्या खिडकीत येतं का, वॉटरप्रूफिंगवाल्याने पांढऱ्यावर काळा डांबरी थर दिला का. शेवटचं फार वेळा घडतं. तो थर काढायची गरज नाही. डांबरावर बसेल असा पांढरा लेप मिळतो, दुकानात तसं स्पष्ट विचारून घ्या, कारण साधा रंग त्यावर पिवळा पडतो आणि सुटतो.

वर्षावर्षांची तुलना करताना नुसतं आतलं तापमान धरू नका, यंदाचा उन्हाळाच कडक असू शकतो. रात्री नऊला आत आणि बाहेर किती अंशांचा फरक आहे, तो आकडा जुन्या कागदाशी ताडून बघा.